पुण्यातले तीन संघ आणि लखनौच्या बेगम

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गल्लीतही फटाके वाजले. पुढचे चार दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर हरमनप्रीत, स्मृती आणि जेमिमा. बोर्डाने ५१ कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले, त्या आकड्याची चर्चा तर खेळापेक्षा जास्त झाली. मला आनंद झालाच. पण एक गोष्ट खटकली. जो तो हा इतिहास २०१७ च्या लॉर्ड्सच्या अंतिम सामन्यापासून सांगत होता. कुणी फार मागे गेलेच तर मिताली राजपर्यंत. त्याआधी जणू काही नव्हतेच.

त्याआधी पुष्कळ होते. आणि जे होते त्याची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात, एप्रिल १९७३ मध्ये झाली. महिलांच्या पहिल्या आंतरराज्य क्रिकेट स्पर्धेत संघ होते फक्त तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. राष्ट्रीय स्पर्धा म्हणायची आणि संघ तीन! आज हसू येईल. पण ज्या संघटनेने ही स्पर्धा भरवली, तिच्या पहिल्या अध्यक्षा होत्या बेगम हमीदा हबीबुल्लाह. हे नाव आपल्या उर्दू शाळांतल्या मुलींना तर सोडाच, शिक्षकांनाही माहीत नसते. म्हणून हा लेख.

आधी ते साल नीट डोळ्यांसमोर आणूया. १९७३ चा उन्हाळा म्हणजे महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाचा उन्हाळा. बहात्तरचा दुष्काळ असे आपल्याकडचे म्हातारे अजून म्हणतात, मिलोची लाल ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याच्या कामाच्या आठवणी सांगतात. त्या वर्षी मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. डोक्यावर पाटी, कडेला पोर, उन्हात दगड. तिकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरत होत्या. म्हणजे बाई घराबाहेर पडली नव्हती असे अजिबात नाही. ती कामाला पडत होती, मोर्चाला पडत होती. खेळायला मात्र नाही. बाईने उन्हात आठ तास खडी फोडली तर कुणाला तिच्या अब्रूची काळजी वाटत नाही, तिने त्याच उन्हात दोन तास बॅट फिरवली की सगळ्यांना वाटते. हे त्या वर्षी जितके खरे होते तितके आजही आहे, आणि ते एका समाजापुरते नाही.

अर्थात मुली खेळतच नव्हत्या असेही नाही. महाराष्ट्रात खो-खो आणि कबड्डी मुलींच्या खेळाला केव्हाच मान्यता होती. पुण्या-मुंबईच्या शाळा-कॉलेजांत बास्केटबॉल, हॉकी, टेबल टेनिस, सॉफ्टबॉल चाले. पुढे क्रिकेटमध्ये नाव काढलेल्या कितीतरी जणी अशा दुसऱ्या खेळांतून आल्या. बंगळूरची शांता रंगास्वामी सॉफ्टबॉलमधून आली, मुंबईची डायना एडलजी बास्केटबॉल आणि टेबल टेनिसमधून. क्रिकेट त्यांनी बहुधा घराजवळ मुलांबरोबर शिकले, कारण मुलींचे क्रिकेट असे काही नव्हतेच. मुंबईत १९६९ मध्ये अलू बामजी या पारशी बाईंनी ‘अल्बीज’ नावाचा मुलींचा क्लब काढला, तो या बाबतीतला पहिला धडाडीचा प्रयत्न. पण एका शहरात एक-दोन क्लब निघाल्याने खेळ उभा राहत नाही. खेळ उभा राहतो तो राज्याविरुद्ध राज्य खेळू लागले की. मग निवड करावी लागते, शिबिर घ्यावे लागते, वर्तमानपत्रात दोन ओळी येतात, आणि बापाला शेजाऱ्याला सांगता येते की, पोरगी महाराष्ट्राकडून खेळते.

राज्यांच्या स्पर्धेची ही कल्पना आली लखनौहून. तिथे महेंद्र कुमार शर्मा नावाचे एक खटपटी गृहस्थ शाळकरी मुलींच्या सॉफ्टबॉल-हँडबॉलच्या स्पर्धा भरवत. मुलींना क्रिकेटचीही आवड आहे हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी रिक्षात लाउडस्पीकर घेऊन गावभर पुकारा केला की, अमुक मैदानावर मुलींचे क्रिकेट होणार आहे, जरूर या. आपल्याकडे जसा सर्कशीचा किंवा इज्तेमाचा पुकारा होतो तसाच. लोक आले. काही चेष्टा करायला आले असतील, पण मुलीही आल्या. १९७३ मध्ये शर्मांनी लखनौमध्येच भारतीय महिला क्रिकेट संघटना रीतसर नोंदवली. सचिव ते स्वतः, आणि अध्यक्षा बेगम हमीदा हबीबुल्लाह.

या बाई कोण?

जन्म १९१६ चा. बालपण हैदराबादेत गेले. वडील नवाब नझीर यार जंग हैदराबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती. (आपले वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच होते आणि आपले वाशिम इंग्रजी अमदानीत ‘बासीम’ नावाचा जिल्हा होता, हे लक्षात घेतले तर हैदराबादची ही मुलगी आपल्याला तितकीशी परकी नाही.) उस्मानिया विद्यापीठात शिक्षण, आणि नंतर लंडनला जाऊन शिक्षक-प्रशिक्षणाचा दोन वर्षांचा कोर्स. म्हणजे आमच्या भाषेत बी.एड. झालेल्या! हे वाचले तेव्हा मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली, हे कबूल करते. १९३८ मध्ये त्यांचे लग्न लखनौच्या इनायत हबीबुल्लाह यांच्याशी झाले. ते फौजेत अधिकारी होते. फाळणीच्या वेळी अशा कितीतरी घराण्यांचे दोन तुकडे झाले, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. हे पती-पत्नी इथेच राहिले.

आता पुण्याचा धागा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, म्हणजे एन.डी.ए.चे, सुरुवातीचे प्रमुख मेजर जनरल इनायत हबीबुल्लाह होते. १९५३ ते १९५८ अशी पाच-सहा वर्षे. प्रबोधिनी डेहराडूनहून खडकवासल्याला आली, जमली, रुजली ती त्यांच्या काळात. तिथल्या सभागृहाला त्यांचेच नाव आहे. दरवर्षी आपल्याकडचीही दोन-चार मुले एन.डी.ए.ची परीक्षा देतात, त्यांना हे नाव कुणी सांगत नाही.

पती निवृत्त झाल्यावर बेगम राजकारणात उतरल्या. १९६९ मध्ये बाराबंकी जिल्ह्यातल्या हैदरगढमधून उत्तर प्रदेशच्या विधानसभेवर निवडून आल्या, १९७१ ते ७३ राज्यात मंत्री होत्या, पुढे १९७६ ते ८२ राज्यसभेत. मुलींच्या शिक्षणसंस्थांशी, चिकनकाम करणाऱ्या गरीब बायकांच्या संघटनेशी त्यांचा दीर्घकाळ संबंध राहिला. २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून त्या गेल्या. वजाहत हबीबुल्लाह, देशाचे पहिले मुख्य माहिती आयुक्त, हे त्यांचे चिरंजीव.

इथे थोडे सबुरीने घ्यायला हवे. आपल्या लोकांना आपले एखादे नाव सापडले की त्याचा झेंडा करायची घाई होते. बेगम साहिबांनी महिला क्रिकेट घडवले असे मी म्हणणार नाही. रोजची धावपळ शर्मांची होती. पुण्याच्या स्पर्धेनंतर संघटनेची कार्यकारिणी बदलली आणि चंद्रा त्रिपाठी व कराडच्या प्रेमलाबाई चव्हाण यांच्याकडे सूत्रे गेली. म्हणजे बेगमांची अध्यक्षपदाची कारकीर्द अल्पच म्हणायची. शिवाय त्या नवाबाच्या लेक आणि जनरलच्या बेगम. त्यांना जे सहज होते ते आपल्या मोहल्ल्यातल्या, विडी वळणाऱ्या किंवा हातगाडी लावणाऱ्या घरातल्या मुलीला सहज नाही. हे सगळे मान्य करूनही त्यांच्या नावाला मी मोठे महत्त्व देते, आणि ते का, हे मला माझ्या नोकरीने शिकवले.

दरवर्षी शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस आले की आमच्या शाळेत एकच प्रसंग घडतो. मुली तयार असतात. मैदानावर चांगल्या पळतात, फेक तर काही जणींची अशी असते की मुलगे बघत राहतात. मग पालकांच्या संमतीचा कागद घरी जातो आणि आठ दिवस परत येत नाही. मी घरी जाते. अम्मी चहा ठेवते, अब्बा खाली बघून बोलतात. खेळ वाईट आहे असे कुणीच म्हणत नाही. प्रश्न वेगळे असतात. “बाजी, तुम्ही स्वतः सोबत जाणार ना? की सरांबरोबर पाठवणार?” “गाडी कोणती आहे?” “मगरिबच्या आत घरी येईल ना?” “कपडे कोणते घालणार?” “फोटो पेपरात येणार का?” या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली की निम्म्या घरांतून सही मिळते. उरलेल्या निम्म्यांपैकी काहींना आणखी एक गोष्ट हवी असते : दुसऱ्या कुणाच्या मुलीने आधी सही आणलेली असावी. पहिले कुणी व्हायचे नसते.

मला वाटते, १९७३ मध्ये पुण्याला, मुंबईला, लखनौला नेमके हेच चालले असणार. ते प्रश्न काही फक्त आपल्याच घरांत विचारले जातात असे नाही. सदाशिव पेठेतल्या वडिलांनीही तेच विचारले असतील, मगरिबच्या जागी दिवेलागण म्हटले असेल इतकेच. अशा वेळी संघटनेच्या अध्यक्षपदी कोण आहे याला किंमत असते. मंत्री राहिलेली, पन्नाशी ओलांडलेली, खानदानी बाई. तिच्या नावाच्या संघटनेचे पत्र म्हणजे ‘कोणीतरी जबाबदार आहे’ याची खूण. संमतीच्या कागदावर सही करणाऱ्या बापाला तेवढे पुरे होते. पुढे प्रेमलाबाई चव्हाणांचे नाव आले तेव्हाही तसेच झाले असावे. या मोठ्या बायांनी मुलींच्या घरच्यांना सही करायला बळ दिले. खेळ मुलींनी स्वतः आणला.

पुण्याच्या त्या स्पर्धेला तीन संघ आले ते कसे आले, कसे राहिले, याच्या कथा त्या पिढीच्या खेळाडूंनी नंतर पुष्कळदा सांगितल्या आहेत. एका स्पर्धेपुरते ते नव्हते, पुढची वीस-तीस वर्षे असेच चालले. रेल्वेचे आरक्षण नसायचे, जनरलच्या डब्यात दारापाशी सामानावर बसून प्रवास. आपापली वळकटी आपण न्यायची. मुक्काम शाळेच्या वर्गात किंवा धर्मशाळेत, जमिनीवर अंथरूण. एका संघात बॅटी तीन-चार, त्यामुळे बाद होऊन येणारी मुलगी आपली बॅट जाणारीच्या हाती देई. पॅडही तसेच. ग्लोव्हज घामाने ओले असतानाच दुसरीच्या हातात. सामन्याचा मोबदला नावाची चीज नव्हती, उलट खर्च पदरचा.

आमच्या मुलींना मी हे सांगते तेव्हा त्यांना नवल वाटत नाही. “बाजी, आपलं पण तसंच आहे ना,” एक म्हणाली होती. खरे आहे. शाळेत एकच किट आणि तेही मुलग्यांच्या मापाचे.

पण बघा, पुढे काय झाले. एप्रिलमध्ये पुण्यात तीन संघ. त्याच वर्षअखेरीस वाराणसीला दुसरी राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिथे आठ संघ. तिसरी कलकत्त्याला, तिथे चौदा. १९७४ मध्ये कानपूरला विभागीय संघांची स्पर्धा सुरू झाली आणि तिला नाव दिले राणी झाशी करंडक. विद्यापीठांची स्पर्धा राजकोटला झाली. आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट परिषदेचे सदस्यत्व तर १९७३ मध्येच मिळाले. हे सगळे पैसा, टीव्ही, प्रायोजक यांपैकी काहीही नसताना. तेव्हा आपल्याकडे पुरुषांच्या क्रिकेटचे वेड शिगेला होते, १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या होत्या, घराघरात रेडिओला कान लावून समालोचन ऐकले जाई. ते मुलीही ऐकत होत्या, हे मात्र कुणाच्या लक्षात आले नव्हते. दाराबाहेर मुली उभ्याच होत्या, कुणी तरी कडी काढायची तेवढी बाकी होती. तीनाचे चौदा इतक्या झटपट होण्याचे दुसरे कारण मला तरी दिसत नाही.

फेब्रुवारी १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील मुलींचा संघ भारतात आला. परदेशी महिला संघाचा हा पहिलाच दौरा. तीन सामने, पुणे, दिल्ली आणि कलकत्ता. पुन्हा पुणे! तीन सामन्यांना भारताच्या तीन वेगळ्या कर्णधार होत्या, त्यांतली पुण्याची कर्णधार उज्ज्वला निकम. (नाव वाचून वकील साहेब आठवतात, पण त्यांचा इथे संबंध नाही.) दोन वर्षांपूर्वी ज्या मुली राज्याकडून पहिल्यांदा खेळल्या, त्या आता ऑस्ट्रेलियाशी खेळत होत्या. त्या गोऱ्या मुलींच्या मागे किती इतिहास होता ते बघा : त्यांच्या देशात महिला क्रिकेटची परिषद १९३१ मध्ये निघालेली, आणि महिलांची जगातली पहिली कसोटी १९३४ च्या डिसेंबरात त्यांच्याच ब्रिस्बेनला, इंग्लंडविरुद्ध झालेली.

पण त्यांच्याकडे सगळेच आधी झाले असे समजू नका. ऑस्ट्रेलियात क्रिकेटइतकाच, काही राज्यांत क्रिकेटहून लाडका असा त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, हातापायांनी दोन्हींनी खेळायचा, अंगाला अंग भिडवून. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये पर्थ शहरातल्या एका मोठ्या दुकानात काम करणाऱ्या मुलींनी तो खेळल्याची नोंद आहे. म्हणजे सुरुवात फार जुनी. तरी त्या खेळाची मातृभूमी असलेल्या व्हिक्टोरिया राज्यात महिलांची राज्य पातळीवरची रीतसर लीग निघाली ती १९८१ मध्ये, आणि तिच्यात संघ होते चार. पुण्यात तीन, मेलबर्नमध्ये चार! तेही आठ वर्षांनी. त्या खेळाची महिलांची राष्ट्रीय लीग तर २०१७ मध्ये सुरू झाली. २०१९ मध्ये तिच्यात हॅनीन झ्रायका ही सिडनीची लेबनानी घराण्यातली मुस्लिम मुलगी खेळू लागली. तेव्हा तिकडच्या पेपरांत तिच्यावर पुष्कळ छापून आले. श्रीमंत, शिकलेल्या देशातही मुलींच्या खेळाची घडी बसायला शंभर वर्षे लागतात, आणि आपल्या देशात तिसऱ्याच स्पर्धेत तीनाचे चौदा होतात. हे आपण कधी मोठ्याने सांगत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. १९७६ मध्ये वेस्ट इंडीजच्या महिला आल्या आणि भारताने पहिली अधिकृत कसोटी मालिका खेळली. त्या नोव्हेंबरमध्ये पाटण्याला शांता रंगास्वामीच्या संघाने भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. पाटण्याचे ते मैदान आज मोइन-उल-हक स्टेडियम म्हणून ओळखले जाते. सय्यद मोइन-उल-हक हे बिहारचे शिक्षक आणि क्रीडा संघटक. मुलींची कसोटी बघायला तिथे पंचवीस हजारांच्या वर लोक जमले होते असे सांगतात. १९७८ चा विश्वचषक भारतात झाला, चारच संघ, आपण तिन्ही सामने हरलो. १९८२ चा न्यूझीलंडला.

या १९८२ च्या विश्वचषकाची एक गोष्ट डायना एडलजी यांनी मुलाखतींत सांगितली आहे. जायचे तर प्रत्येकीने दहा हजार रुपये भरायचे होते. त्या काळचे दहा हजार! महाराष्ट्रातल्या काही मुलींकडे ते नव्हते. त्या थेट मुख्यमंत्र्यांकडे गेल्या. मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अ. र. अंतुले. त्यांनी पैशांची सोय करून दिली आणि मुली न्यूझीलंडला गेल्या. अंतुल्यांचे नाव काढले की आपल्या लोकांना सिमेंट आणि राजीनामा आठवतो, नाहीतर संजय गांधी निराधार योजना आठवते. त्यांच्या कारभाराचा हिशेब इतिहासकार करतीलच. पण महाराष्ट्राच्या आजवरच्या एकमेव मुस्लिम मुख्यमंत्र्याने खुर्ची सोडण्याच्या सुमारास क्रिकेट खेळणाऱ्या मुलींचा प्रवासखर्च भागवला होता, हेही त्या हिशेबात असायला हवे.

पुढे रेल्वेने महिला खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, तेव्हा कुठे खेळणाऱ्या मुलीच्या घरात महिन्याचा पगार येऊ लागला. माझ्या मते त्या काळातला सगळ्यात मोठा बदल तोच. २००६ मध्ये महिलांची संघटना पुरुषांच्या बोर्डात विलीन झाली. २०२२ मध्ये सामन्याचे मानधन स्त्री-पुरुषांना सारखे झाले : कसोटीला पंधरा लाख, एकदिवसीयला सहा, टी-ट्वेंटीला तीन.

आता आपल्या घरचा प्रश्न. अध्यक्षा बेगम हमीदा, मदत करणारे अंतुले, पण मैदानावर आपल्या मुली किती होत्या? फार थोड्या. हैदराबादची गौहर सुलताना २००८ मध्ये भारताकडून खेळली, मध्य प्रदेशची यष्टिरक्षक नुझहत परवीन २०१७ च्या विश्वचषकाच्या चमूत होती, कलकत्त्याची सायका इशाक २०२३ मध्ये आली. बोटांवर मोजता येतील इतकीच नावे. आमच्या विदर्भाकडे बघितले तर नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या त्याच चमूत होती आणि अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये इंग्लंडविरुद्ध खेळली. अमरावती वाशिमहून किती लांब? एका एसटीचा प्रवास. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीतच आहे, त्यांचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ दाखवून आले. वऱ्हाडातले कितीतरी क्रीडाशिक्षक तिथेच तयार झाले. म्हणजे अंतराचे आणि सोयीचे कारण पुरत नाही.

धर्माचे कारण तर मला अजिबात पटत नाही. माझ्या वर्गातल्या मुली ओढणी पिनांनी बसवून पळतात आणि पहिल्या येतात. ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून क्रिकेट खेळता येते, सगळ्या तसेच खेळतात. पडदा पाळणाऱ्या घरांबद्दल मला अनादर नाही, मी त्यांच्यातलीच आहे. माझे म्हणणे इतकेच की, ‘हे आपल्यात चालत नाही’ असे म्हणताना आपल्यात काय काय चालत आले आहे ते तरी माहीत असावे. ज्या संघटनेतून हा खेळ देशभर गेला तिचे पहिले अध्यक्षपद एका मुस्लिम बाईकडे होते. आपणच तिला विसरलो, आणि आता तिच्या खेळाला परका म्हणतो.

आणखी एक नाव राहिले. फौजिया खलिली. मद्रासची यष्टिरक्षक, १९७६ च्या त्या पहिल्या मालिकेपासून भारताकडून कसोटी खेळली. १९८२ च्या न्यूझीलंडमधल्या विश्वचषकात तिने यष्टीमागे वीस बळी टिपले. महिलांच्या एका विश्वचषकातला हा विक्रम आहे. मैदानावर कॅमेरे नव्हते, म्हणून त्या झेलांची चित्रफीत कुणाला दाखवता येत नाही.

गेल्या महिन्यात आठवीच्या तासाला मी फळ्यावर तिचे नाव उर्दूत आणि मराठीत लिहिले, शेजारी २० हा आकडा. मराठीचा तास होता, विशेषनामे चालली होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “बाजी, ये मद्रास से न्यूझीलंड अकेली गई थी?” मी म्हणाले, नाही, सगळा संघ सोबत होता. ती थोडा वेळ गप्प बसली. मग वहीत नाव उतरवून घेतले आणि विचारले की, यंदाच्या तालुक्याच्या सामन्यांना सोबत कोणती बाजी जाणार आहे.